आमची वाटचाल : खिळे, सेन्सॉर आणि प्रिंट लाइन

अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते, प्रिंट लाइन : मुद्रक, प्रकाशक, मुद्रणस्थळ. १८६७च्या कायद्याने ती सक्तीची केली. लेखक टोपणनावाने लिहू शकतो, संपादक भूमिगत होऊ शकतो. मुद्रक मात्र पत्त्यासकट छापलेला असतो. सरकारी माणूस आधी पोचतो तो छापखान्यात. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर व्याख्यानं देणाऱ्यांना ही साधी गोष्ट ठाऊक नसते याचं आम्हाला नेहमी वाईट वाटतं.

आमच्या छापखान्याचं मुख्य काम म्हणजे उजव्या विचारांचं एक साप्ताहिक. सरकारचा पसारा कमी असावा, कर हलके असावेत, ज्याची मालमत्ता त्याच्याकडे राहावी आणि राज्यकर्ता कुठल्याही पक्षाचा असो, तो कायद्याखालीच असावा, हे त्याचं धोरण. संपादकांना सगळे वकीलसाहेबच म्हणत. कोर्टातून आले की काळा कोट खुंटीला अडकवून स्टोनजवळ, म्हणजे पानं बांधायच्या दगडी टेबलाजवळ, उभ्यानं मुद्रितं तपासायचे. निकालांवरचं पान ते स्वतः लिहीत. छपाईचे पैसे त्यांनी कधी थकवले नाहीत.

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी आली आणि दुसऱ्याच दिवशी अंतर्गत सुरक्षा नियमांतल्या ४८व्या नियमाखाली पूर्वतपासणीचा हुकूम निघाला. हा हुकूम छापखान्याला कसा मारतो, ते खिळ्यांचं, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवण्याचं, काम केलेल्यालाच कळेल. अंक सोळा पानी, म्हणजे आठ-आठ पानांचे दोन फर्मे, एका वेळी छापायचे पानांचे संच. लहान छापखान्याकडे १२ पॉइंटचे खिळे जेमतेम बारा पानांचे. त्यामुळे पहिला फर्मा छापायचा, रॉकेलने धुवायचा, खिळे सोडून केसमध्ये, म्हणजे कप्प्यांच्या पेटीत, टाकायचे आणि मगच दुसरा जुळवायचा. मुद्रितं सेन्सॉरच्या टेबलावर अडकली की पहिला फर्मा चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळलेला तसाच पडून राहतो. आधी काना संपतो, मग र आणि त. कंपोझिटर खिळे जुळवायची स्टिक हातात धरून बसून राहतो, त्याची मजुरी चालूच. लग्नपत्रिकेचं काम आलं तरी घेता येत नाही, कारण सगळं शिसं त्या फर्म्यात अडकलेलं.

त्यात काटछाट. सुरुवातीला काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मग कोरी जागाही चालणार नाही अशी ताकीद आली. सहा ओळी उडाल्या तर छत्तीस ओळींपैकी प्रत्येकीखाली दोन-दोन पॉइंटच्या लेडी, म्हणजे शिशाच्या पातळ पट्ट्या, सरकवायच्या; बहात्तर पॉइंट, म्हणजे बरोबर सहा ओळी भरतात. त्याहून जास्त गेलं की कॉलम विरळ दिसतो आणि जाणता वाचक ओळखतो. मग भरतीला अभंग किंवा पंचांग. तेही आधी तपासून घ्यावं लागे. चेस सोडून पुन्हा आवळताना एखादी ओळ जरी सैल राहिली तरी मशीनवर खिळे उडतात आणि शाईचा रूळ फाटतो. एका रुळाची किंमत महिन्याच्या नफ्याएवढी.

डिसेंबर १९७५मध्ये आक्षेपार्ह मजकुराचा वटहुकूम आला आणि फेब्रुवारीत त्याचा कायदा झाला. आता छापखान्याकडून अनामत मागता येत होती, ती जप्त करता येत होती आणि छापखान्यालाच टाळं लावता येत होतं. आमच्याच बोळातल्या दुसऱ्या छापखान्याने गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, “तिकडे बिलबुकं टाकाल तर जप्तीत सापडतील.” दुकानदार घाबरले. कागदवाल्याने उधारी बंद केली. ट्रेडल, म्हणजे छोटं छपाईयंत्र, गहाण पडलं, जुने खिळे वजनावर विकायची वेळ आली. तेव्हा वकीलसाहेबांनी पुढच्या वर्षभराची छपाई आगाऊ मोजली आणि पावतीवर “आगाऊ” हा शब्द लिहू दिला नाही. छापखाना राहिला तो त्यामुळे.

त्याच फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयात न्या. मदन आणि न्या. कनिया यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचे संपादक मिनू मसानी यांच्या बाजूने निकाल दिला : सगळ्यांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही. मसानी स्वतंत्र पक्षाचे, म्हणजे आमच्याच वाटेचे. दोन महिन्यांनी, २८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी स्थानबद्धांना दाद नाकारली. ते एक मत न्या. खन्नांचं. पुढे ज्येष्ठ असूनही त्यांना सरन्यायाधीशपद मिळालं नाही.

१९७७नंतर खिळे गेले, ऑफसेट आलं, संगणकावरची जुळणी, म्हणजे डीटीपी, आली. धंदा नीट चालला.

पण ४४व्या घटनादुरुस्तीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तिने जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला, हे उत्तमच. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३००-अ मध्ये साध्या कायदेशीर हक्काच्या रांगेत बसवला. यंत्र, कागद आणि जागा ही मुद्रकाची मालमत्ताच असते. ती सहज हिरावता येत असेल तर लेखणीच्या स्वातंत्र्याचं काय करायचं?

नव्या मुद्रकांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. २०२३च्या नव्या वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी कायद्याने छापखान्याची माहिती ऑनलाइन द्यायची असते. तिची पोच छापून फाइलला लावा. शेवटच्या मुद्रितावर संपादकाची सही, तारीख आणि वेळ घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या “ओके”वर मशीन सुरू करू नका. झडती आली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे चित्रीकरण आणि जप्तीची यादी मागा. प्रकाशन सरकारजमा झालं तर अधिसूचनेत कारणं लिहिलेली आहेत का ते पाहा. कलम ९९खाली दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. आणि सरकार आपल्या विचारांचं आहे म्हणून न्याय संहितेच्या कलम १५२कडे डोळेझाक करू नका. राजद्रोहाचं कलम गेलं म्हणतात, पण या कलमातले शब्द कमी ऐसपैस नाहीत.

बोळातल्या त्या छापखान्याने आपल्या स्मरणिकेत “आणीबाणीत आम्ही झुंजलो” असं छापलं आहे. १९७५ ते ७७चे साप्ताहिकाचे सगळे अंक आमच्याकडे बांधून ठेवलेले आहेत, प्रत्येकाच्या तळाशी मुद्रकाचं नाव आहे. रविवार सोडून कधीही यावं आणि वाचून जावं.