ऐकलेल्यांचा रकाना

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात वीज जाते तेव्हा आधी कूलर गप्प होतो आणि मग त्याने दिवसभर दाबून ठेवलेले आवाज एकेक करून घरात शिरू लागतात. परवा अशाच वेळी मागच्या उंबरावरून तांबटाची टुक-टुक ऐकू आली. सवयीने दुर्बीण घेऊन मी गच्चीवर गेलो, पंधरा मिनिटे भाजून निघालो, पण तो काही दिसला नाही. हा पक्षी चोच मिटून, गळा फुगवून बोलतो आणि बोलताना मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नेमका कोणत्या फांदीवरून येतो ते कळत नाही. हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून उपयोग होत नाही.

खाली आल्यावर बाबांची जुनी वही काढली. प्रत्येक पानावर पट्टीने रेघ मारून त्यांनी दोन रकाने पाडलेले: 'दिसलेले' आणि 'ऐकलेले'. अनुक्रमांक मात्र पहिल्याच रकान्याला. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलेले असावे, हा त्यांचा कचेरीतला नियम जंगलातही लागू होता.

सर्वांत भरलेले पान नवेगावबांधचे आहे. महाशिवरात्रीच्या सुट्टीत आम्ही तिथे तंबू ठोकला होता. संध्याकाळी तलावावर चक्रवाकांची जोडी आणि दूरवर पट्टकादंबांचा थवा होता; हिमालय ओलांडून आलेल्या त्या पाहुण्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मी दुर्बिणीतून मोजून दाखवल्यावरच बाबांनी नाव लिहू दिले. ते पट्टे आता मला चित्रातलेच आठवतात. आठवते ती रात्र. अमावास्येच्या तोंडावरचा अंधार, दवाने जड झालेले तंबूचे कापड, आणि त्या कापडापलीकडे, अगदी दोरीच्या खुंटीशी बसल्यासारखा, रातवा. दगडावर टाकलेली गोटी आधी सावकाश आणि मग घाईघाईने उड्या मारत थांबावी, तसा त्याचा आवाज येई आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

"बाबा, लिहायचा का?" मी विचारले.

"दुसऱ्या रकान्यात," अंधारातून उत्तर आले. म्हणजे तेही जागेच होते.

सकाळी आम्ही पाचोळ्यात त्याला बराच वेळ शोधले. पाचोळ्याच्याच रंगाचा तो पक्षी. सापडला असता तर बहुधा पायाखालीच.

पुढे मीही त्याच नियमाने वागत आलो. जूनमध्ये पेंचला नवरंगाची दुहेरी शीळ चारही बाजूंनी घुमत असताना मी तासभर त्याचे रंग दिसण्याची वाट पाहिली आणि शेवटी स्वतःवरच चिडून परतलो, हा मूर्खपणा अनुवंशिक असावा.

वहीच्या शेवटच्या पानावर रेघच मारलेली नाही. काचबिंदूने नजर गेल्यावर बाबा गॅलरीत बसून असत, त्या दिवसांतली मोठी, वाकडी, एकमेकींवर चढलेली अक्षरे: कोकिळ, पिंगळा, टिटवी, सातभाई. प्रत्येकापुढे अनुक्रमांक आहे, आणि तो मागच्या पानावरून न तुटता पुढे चालू ठेवलेला आहे.

तांबट लिहायला मी पेन शोधत होतो, तेवढ्यात वीज आली.