मेलेल्या मॉड्यूलचा डबा

मी एका पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स लॅबला असिस्टंट आहे, १६ वर्षं झाली. कॉलेजचं नाव नको. आमच्या लॅबच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक श्रीखंडाचा रिकामा डबा असायचा, त्यावर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं, 'डेड'. दोनेक वर्षांत त्यात ११ मॉड्यूल, म्हणजे चिप बसवलेले छोटे तयार बोर्ड, जमा झाली होती, सगळी एडी ९८३३ वाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही वेव्हफॉर्म जनरेटरची चिप आहे, नखाएवढी, मॉड्यूलवर तिच्या शेजारी २५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे तिला ठेका देणारा क्लॉक, असतो चकचकीत डबीसारखा, अर्डुइनोवरून (पोरं प्रोग्रॅम टाकतात तो छोटा कंट्रोलर बोर्ड) तीन वायरींनी आकडे पाठवले की साईन, ट्रँगल, स्क्वेअर पाहिजे ती वेव्ह बाहेर येते. स्वस्त आणि मस्त, त्यामुळे दरवर्षी प्रोजेक्टला चार-पाच ग्रुप हेच घेतात.

तर मे महिना, थर्ड इयरची प्रोजेक्टची एक्स्टर्नल. परीक्षक साडेअकराला येणार, मी आठलाच लॅब उघडली कारण मला माहीत असतं, आदल्या दिवशी रात्री सगळ्यांचं चालत असतं आणि सकाळी कुणाचंच चालत नाही.

पहिला ग्रुप आला तो एक्सआर २२०६ चं किट घेऊन, तीही वेव्ह काढणारीच दुसरी चिप, अॅक्रेलिकच्या डबीतलं. साईन चेपलेली, धड साईन नाही धड काही नाही. म्हणलं सप्लाय काय दिलाय, तर मोबाईलचा चार्जर. अरे बाबा ती जुनी चिप आहे, तिला किमान १० व्होल्ट लागतात, ५ मध्ये काय करणार ती. बेंचवरच्या सप्लायवर १२ लावले, झालं, दोन मिनिटांत पोरं खूश.

दुसरा ग्रुप तर आल्या आल्या खूशच होता. सर आपली साईन ६ व्होल्टची येतीय, अॅम्प्लिफायर लावायची गरजच नाही. मला हसूच आलं, कारण या एडी ९८३३ ची साईन पीक टू पीक, म्हणजे तळापासून टोकापर्यंत, ०.६ व्होल्टच्या आसपासच असते, त्यापुढे ती जाऊच शकत नाही. मी काही बोललो नाही, फक्त म्हणलं स्क्वेअर लाव बघू. स्क्वेअर या चिपमध्ये सप्लायएवढी येते, म्हणजे ५. स्क्रीनवर आले ५०. यूएसबीवर चालणाऱ्या सर्किटमधून ५० व्होल्ट! पोराचं तोंड बघण्यासारखं झालेलं. स्कोप म्हणजे वेव्ह स्क्रीनवर दाखवणारा ऑसिलोस्कोप, त्याच्या प्रोबवरचं (मोजायच्या वायरीवरचं) बटण होतं एकएक्सवर, म्हणजे सिग्नल आहे तसा, आणि मेनूत चॅनल दहाएक्सवर, म्हणजे आलेल्याला दहाने गुणून दाखव, सगळं दहापट दिसत होतं, बास. ही चूक मी दर वर्षी बघतो, एकदा मी स्वतःही केलीय पण ते इथं सांगत नाही.

तिसऱ्या ग्रुपचं प्रकरण मला आवडलं. १००० हर्ट्झ सांगितलं तर स्क्रीनवर एक रेघ हळूहळू वर जायची आणि खाली यायची, झोपाळ्यासारखी. मोजली तर ८ हर्ट्झच्या आसपास. २००० सांगितलं तर सपाट रेघ, काहीच नाही. म्हणजे हजारला थोडं तरी चालतं आणि दोन हजारला मरतं, असं कुठलं मॉड्यूल असतं? पोरांनी तर ठरवूनच टाकलेलं की मॉड्यूल गेलं आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ८ हर्ट्झ हा आकडा डोक्यातून जाईना. कोड उघडायला लावला. फ्रिक्वेन्सी गुणिले २६८४३५४५६, भागिले २५०००००० अशी ओळ. सूत्र बरोबरच आहे, चिपचं फ्रिक्वेन्सी रजिस्टर २८ बिटचं, म्हणून दोनचा २८ वा घात आणि खाली २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक. पण अर्डुइनोतला अनसाईन्ड लाँग, म्हणजे हे गणित ज्यात होतं तो पूर्णांकाचा प्रकार, ३२ बिटचा! २८ बिट तर त्या मोठ्या आकड्यानेच खाल्ले, फ्रिक्वेन्सीसाठी उरले चार, म्हणजे १६ ने भागून जी बाकी उरते तेवढीच टिकते. १००० ला १६ ने भागा, बाकी ८. २००० ला भागा, बाकी शून्य, शून्य म्हणजे वेव्हच नाही. आम्ही फळ्यावर हे लिहिलं तेव्हा त्या ग्रुपमधला एक जण, जो वर्षभर कधी काही बोलला नव्हता, तो म्हणाला सर म्हणजे १६०० ला पण मरणार, आणि १६०० टाकून बघितलं तर मेलं खरंच! त्याला केवढा आनंद. आधी भागाकार करून फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशात, गणित केलं की सुटतं, तेवढा बदल केला आणि १००० ला १००० आले.

तोवर दहा वाजलेले. आणि चौथा ग्रुप, तीन मुली, कोपऱ्यात गप्प बसलेल्या. त्यांचं मॉड्यूल काहीच देत नव्हतं. काल घरी चालत होतं, व्हिडिओ पण दाखवला मला, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भोकांत वायरी खोचायची पट्टी) सुंदर साईन. रात्री त्यांनी सगळं नीट डब्यात बसवलं, मॉड्यूल दर्शनी पट्टीवर, अर्डुइनो मागे, मधे वीतभर वायरी, त्या टायने आवळून बांधलेल्या, इतकं सुबक काम की मला वाईट वाटलं. आणि आता सपाट रेघ.

मी माझी नेहमीची पद्धत केली. मॉड्यूल काढलं, माझ्या टेस्टरवर लावलं. टेस्टर म्हणजे काय, एक अर्डुइनो, त्यात मीच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, जंपर वायरी आणि स्कोप. मॉड्यूल लावायचं, १ किलोहर्ट्झ दिसली तर पास, नाही दिसली तर डब्यात. लावलं, सपाट. झालं, डेड. स्टोअरमधून नवंकोरं काढलं, प्लास्टिक फोडून लावलं, तेही सपाट. दुसरं काढलं, ते चाललं. ते मुलींच्या डब्यात बसवलं तर तिथं परत सपाट.

आता माझंच डोकं फिरलं. मल्टिमीटर घेतला. सप्लाय ४.९, ग्राउंड ठीक. आउटपुट डीसी रेंजवर मोजलं तर ०.३१ व्होल्ट. आणि स्कोपवर शून्य. असं कसं? मग लक्षात आलं की माझा स्कोप एसी कपलिंगवर आहे, म्हणजे फक्त वरखाली होणारं दाखवतो, स्थिर व्होल्टेज गाळून टाकतो, नेहमी असतोच, वेव्ह मधोमध दिसावी म्हणून मीच तसा ठेवतो, आणि एसीवर डीसी दिसणारच नाही. डीसीवर केला तर रेघ टुणकन ०.३ वर. आता ही चिप रिसेटमध्ये असते तेव्हा आउटपुट बरोबर मधोमध येऊन बसतं, म्हणजे साधारण तेवढंच. मेलेली चिप अशी शिस्तीत मधोमध कशाला बसेल? ती जिवंत होती, हुकूम यायची वाट बघत होती, आणि हुकूम तिला कळत नव्हता.

मी सोल्डरिंग बघतोय, वायरी हलवून बघतोय, मॅडम येऊन दोनदा घड्याळ दाखवून गेल्या. तेवढ्यात मागून तो १६०० वाला पोरगा, आपलं काम झालं म्हणून इकडे येऊन उभा राहिलेला, स्क्रीनकडे बघून म्हणतो, सर यांच्यात मोड झिरो का लिहिलंय? आमच्यात टू आहे.

एसपीआयचा मोड, म्हणजे अर्डुइनोनं त्या तीन वायरींवरून चिपला आकडे कुठल्या तालात पाठवायचे ते. मी त्या मुलींना विचारलं, कोड कुठला घेतला गं? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक जण म्हणाली, सर तुमचाच आहे, सीनियर्सनी दिला होता.

पुढचं नीट सांगतो कारण सगळी गोम तिथंच आहे. त्या तीन वायरींतली एक क्लॉकची (तो २५ मेगाहर्ट्झचा नव्हे, हा अर्डुइनो देतो), आणि ही चिप एकेक बिट वाचते ती हा क्लॉक वरून खाली पडताना. मोड टूमध्ये तोवर डेटा बदलून स्थिर झालेला असतो. मोड झिरोमध्ये अर्डुइनो पुढचा बिट लाईनवर ठेवतो तोही क्लॉक खाली पडतानाच. म्हणजे साहेब शिक्का मारायला हात खाली आणतायत आणि नेमका त्याच क्षणी शिपाई कागद ओढून दुसरा सरकवतोय. कधी शिक्का बरोबर बसेल, कधी अर्धा इकडे अर्धा तिकडे. वायरी आखूड असल्या, नशीब चांगलं असलं, तर बसतो. म्हणून घरी ब्रेडबोर्डवर चाललं. वायरी लांब करून एकमेकींना चिकटवून बांधल्या की नशीब संपलं.

झिरोचा टू केला. एक आकडा. अपलोड. साईन.

मुली ओरडल्या, मॅडम धावत आल्या, आणि मी मात्र त्या कपाटाकडे बघत होतो. कारण तो झिरो माझ्या टेस्टरमध्ये पण होता. दोन वर्षं. आणि टेस्टरच्या वायरी तर वीतभराहून लांब.

एक्स्टर्नल सर बारा वाजता आले, माणूस भला होता. चौथ्या ग्रुपला विचारलं, १२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं लिहिलंय रिपोर्टात, दाखवा. दाखवलं तर जे काही दिसलं त्याला साईन म्हणायला धाडस लागलं असतं. २५ च्या क्लॉकवर १२ काढायची म्हणजे एका वेव्हला जेमतेम दोन ठिपके येतात, पुढे फिल्टर नसेल तर ते असंच दिसणार. मुलीनं हेच सांगितलं, न घाबरता. सर मान हलवून पुढे गेले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी डबा काढला. टेस्टरमध्ये मोड टू टाकला, स्कोप डीसीवर, आणि एकेक मॉड्यूल लावत गेलो. पहिलं, साईन. दुसरं, साईन. तिसऱ्याला मी खुर्चीवर बसलो. ११ पैकी ९ ठणठणीत! उरलेल्या दोनमधल्या एकाच्या ऑसिलेटरवर प्रोब लावला (इथं दहाएक्सच लावायचा, एकएक्सवर २५ मेगाहर्ट्झ धड दिसतच नाहीत), क्लॉकच नव्हता, डबीचा एक पाय कोरडा सोल्डर, म्हणजे नीट न चिकटलेला, होता, तो टेकवला तर तेही सुरू झालं. खरोखर मेलेलं एकच निघालं, तेही बहुतेक कुणीतरी १२ व्होल्ट लावलेले असणार, काळा डाग होता चिपवर.

सगळ्यात जास्त लाज वाटली ती पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या त्या दुकानदाराची. त्याच्याशी मी दोनदा भांडलेलो, चायनाचा फालतू माल देताय म्हणून. तो बिचारा दर वेळी म्हणायचा, साहेब माझ्याकडे चालतंय हो, तुमच्या वायरी बघा. चार मॉड्यूल त्यानं बदलूनही दिली होती न बोलता. जून महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा मुद्दाम गेलो, सांगितलं सगळं. तो हसला, म्हणाला अहो ती चार मी त्याच आठवड्यात विकली.

आता अडचण रजिस्टरची. त्या ११ चं मी रीतसर निर्लेखन करून घेतलेलं होतं, तीन सह्या, शिक्का, सगळं. स्टोअरच्या भाऊंकडे गेलो, म्हणलं यातली १० परत जमा करायची आहेत, चालू आहेत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, बिघडलेलं लिहायला रकाना आहे, परत बरं झालेलं लिहायला रकाना नाही. काय करू बोला?

मग काय करणार, ती दहा माझ्याच कपाटात आहेत, कागदावर कुठंच नाहीत. डब्यावरचं नाव मी पुसलं नाही. पोरं येतात परीक्षेच्या आदल्या दिवशी आणि म्हणतात, सर, एक मेलेलं द्या ना.