विमाने सोडून बंब कशासाठी?

इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यापासून जुन्या लष्करी विमानांची संग्रहालये पाहण्याची सवय मला लागली आहे, आणि सोबत आलेली मंडळी, विशेषतः पुण्याहून आलेले नातेवाईक, एक प्रश्न हमखास विचारतात: समोर एवढी लढाऊ विमाने उभी असताना तुम्ही कोपऱ्यातल्या त्या आगीच्या बंबापाशीच का रेंगाळता? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शहरातल्या बंबाला रस्त्यावरच्या नळाचे पाणी मिळण्याची शक्यता असते आणि तो बहुधा एका जागी उभा राहून पंप चालवतो. धावपट्टीच्या टोकाला, चिखलात कोसळलेल्या विमानापाशी नळ नसतो. पाणी आणि फोमचे, म्हणजे आग झाकून विझवणाऱ्या फेसाचे, द्रावण सोबतच न्यावे लागते, आणि इंधनाच्या आगीत विमानाचे ॲल्युमिनियमचे कवच साधारण मिनिटभरात वितळू शकत असल्यामुळे गाडी थांबण्याची वाट न पाहता चालता चालताच फवारणी सुरू करावी लागते. अशा गाडीला क्रॅश टेंडर म्हणतात. तिचा प्रत्येक भाग त्या पहिल्या दोन-तीन मिनिटांसाठी घडवलेला असतो, आणि जुन्या गाड्यांमध्ये ही घडण झाकलेली नसल्यामुळे ती पाहून समजून घेता येते. माझ्या ओढीचे कारण एवढेच आहे.

माझी सर्वांत आवडती गाडी म्हणजे कॉव्हेंट्रीच्या ॲल्व्हिस कंपनीची, 1950च्या दशकातली सहा चाकांची सॅलामँडर. ब्रिटिश हवाई दलात ती मार्क 6 या नावाने होती. सॅरासेन आणि सॅलॅडिन या चिलखती गाड्यांच्याच कुळातला तिचा सांगाडा, रोल्स-रॉइसचे आठ सिलिंडरांचे बी-81 पेट्रोल इंजिन, सुमारे 700 गॅलन पाणी आणि छतावर फोमची तोफ, असा तिचा थाट असे. सहाही चाकांना इंजिनाची ताकद मिळते आणि पुढची चार चाके वळतात, त्यामुळे नांगरल्यासारख्या जमिनीवरूनही ती सरळ अपघातस्थळाकडे जाऊ शकते.

मात्र या रचनेत एक गंमत आहे. इंजिनाची ताकद मधल्या एकाच डिफरेन्शियलमधून, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दंतचक्रांच्या जोडणीतून, डाव्या व उजव्या बाजूंना वाटली जाते आणि एका बाजूची तिन्ही चाके आपसांत जखडलेली असतात. वळताना या तिघांना वेगवेगळे अंतर कापायचे असते, पण फिरावे लागते एकाच वेगाने, म्हणून त्यांना जोडणाऱ्या दांड्यांवर ताण येतो. मऊ जमिनीवर चाके थोडी घसरतात आणि ताण निघून जातो, पण कोरड्या काँक्रीटवर तो त्या दांड्यांमध्ये साठत राहतो. याच कुळातल्या स्टॉलवर्ट ट्रकच्या चालकांना तो ताण सोडवण्यासाठी गाडी मुद्दाम उंचवट्यावरून नेण्याचा सल्ला दिला जाई. विमानतळावर काँक्रीटच काँक्रीट असते. तिथे चिखलासाठी जन्मलेली गाडी ठेवण्याचा हा निर्णय मला विचित्र तरीही योग्य वाटतो, कारण विमान कुठे कोसळेल हे धावपट्टी ठरवत नाही.

तिच्यातला फोमही त्या काळाचाच. गुरांची खुरे, शिंगे किंवा रक्त यांतल्या प्रथिनांपासून तो बनत असे आणि त्याची दुर्गंधी कुप्रसिद्ध होती. 1960च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने इंधनावर पातळ पापुद्रा पसरवणारा नवा फोम विकसित केला आणि 1967 साली फॉरेस्टल या विमानवाहू नौकेवर लागलेल्या, 134 जणांचा बळी घेणाऱ्या आगीनंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. त्यातली फ्लोरिनयुक्त रसायने माती आणि भूजलात वर्षानुवर्षे टिकून राहतात, हे पुढे कळले. त्या मानाने खुरांचा वास परवडला, असे मी म्हणेन.

अमेरिकी हवाई दलाचा ओश्कोश पी-15, म्हणजे आठ चाके, दोन इंजिने आणि 6,000 अमेरिकी गॅलनांहून अधिक पाणी, पाहून छाती दडपते हे खरे. पण तिथे प्रश्न मुख्यतः आकाराच्या जोरावर सोडवला आहे, म्हणून माझे मन तिथे फार वेळ रमत नाही.

अशा गाड्या सहसा विमानतळाबाहेर पडत नसल्यामुळे त्या एकूण फार कमी अंतर धावलेल्या असतात. तरी त्या टिकतात थोड्याच: घराच्या गॅरेजमध्ये त्या मावत नाहीत आणि पेट्रोल बेसुमार पितात. सॅलामँडरचे नशीब थोडे बरे, कारण स्टॉलवर्ट तिच्याच सांगाड्यावरून पुढे विकसित झाला आणि तो हौशी मंडळींकडे आजही बऱ्यापैकी आढळतो, त्यामुळे इंजिनाचे आणि चाकांकडच्या यंत्रणेचे सुटे भाग शोधायला निदान जागा तरी आहे.