काचेत माझंच कपाळ

संग्रहालयाचं तिकीट काढलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: लिफ्ट कुठंय? होती, पण मागच्या अंगाला, सामानाची. किल्ली आणायला गेलेला रखवालदार वीस मिनिटांनी उगवला. व्हीलचेअरसाठी उतार १:१२ चा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. इथला चांगलाच खडा. आईने मागून ढकललं म्हणून वर पोचले.

चित्रं टांगतात ती उभ्या माणसाच्या नजरेला, मध्य साधारण दीड मीटरवर. व्हीलचेअरमधून माझी नजर त्याच्या बरीच खाली. त्यामुळे लघुचित्राच्या काचेत आधी दिसली ट्यूबलाइट, मग माझं कपाळ! खुर्ची तिरकी केली, मान वाकडी केली, तेव्हा कुठे ओढणीची सोनेरी किनार उमटली. कागदावरचे रंग उडू नयेत म्हणून उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात, ते पटतं. पण म्हणून माहितीची पाटी मुंगीएवढ्या अक्षरांत?

नाण्यांचं टेबल मात्र बुटकं, खाली गुडघे घालायला मोकळी जागा. एका नाण्यावरचा घोडा झिजून नुसते पाय उरलेले. तिथे अर्धा तास रमले. शेवटी आईच कंटाळली.