शिलाँगचा कोंबडा

पोलीस बझारात एक टी-शर्ट बघितला आणि डोकंच फिरलं. मध्ये कोंबडा, डोक्यावर नागा लोकांची धनेशाची पिसं (शिलाँग तर खासी लोकांचं), खाली कुठलेतरी झिगझॅग पट्टे, म्हणजे तयार चित्रांच्या स्टॉक साइटवर 'नॉर्थईस्ट' टाकून जे जे आलं ते सगळं कोंबलेलं. मी पॅकेजिंग डिझाइन करतो, मला असलं बघवत नाही.

चेरापुंजीला धुकं होतं, काहीच दिसलं नाही, पुढे.

होमस्टे मात्र झकास. तिथल्या काँगची (बायकांना इकडे आदराने काँग म्हणतात) मुलगी डिझाइन शिकते, तिने लॅपटॉपवर तिची पोस्टर्स दाखवली. खासी गोष्टीत सूर्य बाई आहे, ती रुसून गुहेत लपते, जग अंधारात, मग तिची समजूत काढायला कोंबडा जातो, तो तीनदा आरवला की ती बाहेर येणार. सेंग खासी ही खासी धर्म-संस्कृती जपणारी 1899 सालची संस्था, तिच्या चिन्हातही हाच कोंबडा. हिने काय केलं, पहिली फ्रेम जवळजवळ काळीच, फक्त तुरा लाल, आणि प्रत्येक आरवण्याला पिवळा रंग थोडा वर चढतो. सूर्याला चेहरा दिलाच नाही! बॉर्डरला जैनकिरशाहच्या चौकडी, बायका अंगावर बांधतात ते कापड. मी म्हटलं, इथला तो झाडांच्या जिवंत मुळांचा पूल पण टाक की, लोक लगेच ओळखतील. "सर, पूल या गोष्टीत नाहीये ना." बरोबर आहे बाई.

शिलाँगजवळच्या मॉफलांगचे स्मारक-दगड बघितल्यापासून एक डोक्यात होतं ते पण बोललो. उभे दगड पुरुषांचे, आडवे सपाट बायकांचे, पण कॅफे-रिसॉर्टच्या लोगोत बघावं तर नुसते उभेच, कारण ते गोलात छान बसतात. जिथे कुळ आईकडून चालतं तिथे आईचाच दगड क्रॉप! मला तर हे टी-शर्टपेक्षा वाईट वाटतं.

पोस्टर विकत मागितलं तर म्हणाली आधी मामाला दाखवते. खासी घरात अशा बाबतीत मामाचा शब्द मोठा. रात्री मामा आले, क्वाय (पान-सुपारी) चघळत सगळं नीट बघितलं आणि पहिल्या फ्रेमवर बोट ठेवलं: याला आत्ताच पिसं कशी? तो तर उघडा होता, सूर्याकडे जायच्या आधी बाकीच्यांनी त्याला पिसं दिली.

जेवण झाल्यावर ती परत लॅपटॉप उघडून बसली. मला अजून फाइल आलेली नाही.