मंगळवारचे डॉक्टर आणि बुधवारची सुट्टी

डॉक्टरांकडे जायला वेळ मिळत नाही, हे वाक्य आमच्या दुकानात इतक्या जणींच्या तोंडी असते की आता ते कुणाला तक्रारीसारखेही वाटत नाही. मी दादरमधल्या तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर काम करते आणि डोंबिवलीला राहते. सकाळी साडेदहाला हजेरी लागते आणि रात्री नऊला शटर खाली येते. त्यानंतर विस्कटलेल्या कपड्यांच्या घड्या घालून, लोकल पकडून घर गाठेपर्यंत पावणेअकरा वाजतात. आमच्या भागातले बहुतेक दवाखाने सकाळी साडेनऊ-दहाला उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी सहा ते नऊ पुन्हा चालतात. म्हणजे मी घरातून निघाल्यावर ते उघडतात आणि मी परत येण्याआधी त्यांचे दिवे मालवलेले असतात. शनिवार-रविवार ही दुकानाची कमाईची वेळ असल्यामुळे त्या दिवशी सुट्टीचे नावही काढता येत नाही.

पूर्वी दादरला सोमवारी बहुतेक दुकाने बंद असत, त्यामुळे जुन्या बायका सोमवार म्हणजे दवाखान्याचा, बँकेचा आणि रेशनचा दिवस असे धरून चालत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली आणि प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुट्टी मात्र बंधनकारक ठेवली. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय झाली; आमच्या दृष्टीने सुट्टी आली ती पाळीपाळीने, तक्त्यावर लिहून. माझ्या वाट्याला बुधवार आला आहे, आणि सणाच्या दिवसांत तोही ‘नंतर भरून देऊ’ म्हणून पुढे ढकलला जातो.

गणपतीच्या खरेदीच्या गर्दीत माझ्या डाव्या पोटरीवरच्या शिरा फुगून निळ्या-जांभळ्या गाठींसारख्या वर आल्या. संध्याकाळी घोट्याला सूज येई, मोज्याचा रबर रुतल्याची खूण रात्री अंथरुणावर पडले तरी जात नसे, आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी खाजून खाजून काळपट होऊ लागली होती. दिवसभर उभे राहणाऱ्यांना हे दुखणे नवे नाही. शिरांमधल्या झडपा सैल पडल्या की वर चढायचे रक्त खाली साचत राहते, आणि तासन्‌तास एका जागी उभे राहिल्याने तो दाब आणखी वाढतो. काउंटरमागे बसायची मुभा आम्हाला नाही. केरळने आणि त्यानंतर २०२१ मध्ये तमिळनाडूने दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले आहे; आमच्या दुकानात तशी सोय असती तर कदाचित हा लेख लिहायची वेळच माझ्यावर आली नसती.

डोंबिवलीतल्या एका खासगी रुग्णालयात रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ डॉक्टर येतात, असे शेजारच्या काकूंनी सांगितले. ते फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी पाच ते सात या वेळेत येतात, आणि नंबर आदल्या दिवशी लावून घेत नाहीत; त्याच दिवशी सकाळी साडेनऊला फोन करावा लागतो. साडेनऊला मी बायकांच्या डब्यात दाराजवळ कुठेतरी दाबून उभी असते, पर्स छातीशी धरलेली असते आणि हात वर काढायलासुद्धा जागा नसते. दुकानात पोहोचल्यावर मोबाइल जिन्याखालच्या लॉकरमध्ये जमा होतो, तो जेवणाच्या सुट्टीत हातात येतो, आणि तोवर सगळे नंबर संपलेले असतात. शेवटी हे काम सासूबाईंनी अंगावर घेतले. पहिल्या दिवशी पलीकडच्या मुलीने त्यांना ‘पेशंटलाच फोन करू द्या’ असे सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पेशंट गाडीत लटकलीय बाळा, तू नाव लिही, वय मी सांगते.” त्यानंतर त्या मुलीने कधी हरकत घेतली नाही.

पण नंबर लागून उपयोग काय, जर संध्याकाळी पाचला मी दादरलाच असणार असेन? व्हिडिओवरून डॉक्टर गाठण्याचा पर्यायही मी पाहिला. सरकारची ई-संजीवनी सेवा आहे, खासगी ॲपही आहेत, आणि ताप-खोकल्याला किंवा रिपोर्ट दाखवायला ते पुरेसे पडतात. पायाच्या शिरा मात्र रुग्णाला उभे करून, हाताने दाबून पाहाव्या लागतात, तेव्हा निदान एकदा तरी प्रत्यक्ष जाणे भाग होते. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांचा विचारही मी केला, कारण ती दादरपासून जवळ आहेत आणि तिथला खर्च जवळजवळ नसल्यासारखा असतो. परंतु तिथली ओपीडी सकाळची. केसपेपर काढायचा, त्या दिवशी कोणत्या युनिटची ओपीडी आहे ते पाहायचे, तपासणीसाठी पुढची तारीख घ्यायची आणि रिपोर्ट घेऊन पुन्हा त्याच युनिटच्या वाराला यायचे. ज्याला एका दिवसाची रजा मिळवताना नाकीनऊ येतात, त्याला अशा तीन-चार सकाळी कुठून मिळणार? तिथल्या डॉक्टरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझ्याकडे द्यायला सकाळ नव्हती, इतकेच.

या टप्प्यावर मी कामाची उलटी मांडणी केली. तज्ज्ञ डॉक्टरांची भेट ही सगळ्यांत महाग गोष्ट आहे, पैशाने नव्हे तर रजेने, तेव्हा तिच्या आधी जे जे होऊ शकते ते दुकानाच्या वेळेबाहेर उरकून घ्यायचे आणि त्या भेटीत फक्त निर्णय व्हावा, असे ठरवले. पहिला प्रश्न होता चिठ्ठीचा. मुंबईत महापालिकेने ‘आपला दवाखाना’ या नावाने जे दवाखाने सुरू केले आहेत, त्यांतले काही रात्री दहापर्यंत चालू असतात. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ही वेळ म्हणजेच त्या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, औषधे आणि रक्ताच्या तपासण्या मोफत मिळतात ती गोष्ट त्यानंतरची. शटर खाली आल्यावर मी तशीच तिथे गेले. बाकावर माझ्या आधी एक रखवालदार आणि बाजूच्या मिठाईच्या दुकानातला एक मुलगा असे दोघेच बसले होते, दोघेही आपापल्या गणवेशात. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मला स्टुलावर उभे केले, घोट्यापासून मांडीपर्यंत बोटाने शीर दाबत नेली आणि विचारले, “किती तास उभ्या असता?” मी सांगितले. त्यांनी रक्तातली साखर तपासायला लिहून दिली आणि माझ्या विनंतीवरून तज्ज्ञांच्या नावे एक चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीत पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतले रक्त कसे वाहते ते दाखवणारी तपासणी, करून घेण्याचेही त्यांनी लिहिले.

हे शेवटचे वाक्य फार कामाचे ठरले. आधी तज्ज्ञांना भेटले असते, तर त्यांनी डॉपलर लिहून दिली असती, ती करून पुन्हा मंगळवार गाठावा लागला असता, म्हणजे एका निदानासाठी दोन रजा गेल्या असत्या. दिवाळीनंतर माझा बुधवार मला परत मिळाला, तेव्हा मी घराजवळच्या सोनोग्राफी केंद्रात ती तपासणी करून घेतली. तिला उपाशीपोटी जावे लागत नाही, वेळ अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्यातला बराचसा भाग उभे राहूनच असतो. साखरेसाठी रक्त द्यायला प्रयोगशाळेचा माणूस सकाळी साडेसहाला घरी आला होता. म्हणजे तज्ज्ञांकडे जाईपर्यंत दोन्ही रिपोर्ट पिशवीत तयार होते आणि एक तासही रजा खर्च झालेली नव्हती.

मग राहिला मंगळवार. आमच्या सुपरवायझर सरांना तोंडी विचारले, तर त्यांचे उत्तर अपेक्षित होते: “चालताय तर व्यवस्थित, बुधवारी दाखवा.” डॉक्टर बुधवारी येत नाहीत, हे सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण ऐकणाऱ्याला ती आपलीच सबब वाटते. त्यांचेही मला नवल वाटत नाही. मजल्यावर माणूस कमी पडले तर वरून बोलणी त्यांनाच बसतात. म्हणून मी मागणीच बदलली. रजा न मागता सुट्टीची अदलाबदल मागितली. माझ्या सहकारी ताईंना मंगळवारची सुट्टी असते. त्यांनी माझा बुधवार घ्यायचा आणि मी त्यांचा मंगळवार, असे आम्ही दोघींनी आधी आपसांत ठरवले आणि दोघींच्या सह्यांचा एकच अर्ज लिहिला. त्याला चिठ्ठीची झेरॉक्स जोडली. पुढच्या आठवड्याचा तक्ता शनिवारी लागतो, तेव्हा अर्ज गुरुवारी दुपारीच दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. दुकानाला एकही माणूस कमी पडत नव्हते, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरले नाही.

अर्जात कायद्याचा उल्लेख मी मुद्दाम टाळला, पण कायदा काय म्हणतो ते माहीत करून घेतले होते. २०१७ च्या त्याच दुकाने व आस्थापना कायद्याने कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा दिलेली आहे; ती तिमाहीगणिक खात्यात जमा होते आणि न वापरल्यास वर्षअखेर बुडते. आमच्यापैकी अनेकींना ही रजा आहे हेच ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्या ती ‘अडीअडचणीला’ राखून ठेवत डिसेंबरात गमावत होत्या. कलमे दाखवून केलेल्या अर्जाला उत्तरही कलमे दाखवूनच येते असा माझा अनुभव आहे, म्हणून ती रजा मी दुसऱ्या फळीत ठेवली. अदलाबदल नाकारली असती तर त्या तिमाहीतले माझे दोन दिवस माझ्याकडे शिल्लक होते.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. डॉक्टर त्या मंगळवारी नक्की येणार का, हे सोमवारी विचारले तेव्हा ‘येणार’ असे उत्तर मिळाले, सकाळी सासूबाईंनी नंबरही लावला, आणि पाचला पोहोचल्यावर कळले की डॉक्टर एका तातडीच्या शस्त्रक्रियेत अडकले आहेत. ते सव्वासातला आले. खुर्च्या कमी होत्या, आणि पायाच्या दुखण्याचे रुग्ण भिंतीला टेकून उभे, असा तो विलक्षण देखावा होता. प्रत्यक्ष भेट दहा मिनिटांची झाली, पण ती पुरली, कारण रिपोर्ट समोर होता आणि विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते. मांडीतून खाली येणाऱ्या मोठ्या शिरेची झडप निकामी झाली आहे. जखम झालेली नाही, तेव्हा काही महिने दाबाचे लांब मोजे वापरून पाहावेत, रात्री पाय उशीवर घ्यावेत, उभे असताना टाचा वर-खाली करत राहाव्यात, आणि सूज हटली नाही तर लेझरने शीर बंद करावी, असे त्यांनी सांगितले. मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच चढवायचे असतात, हेही त्यांनीच बजावले. सूज आल्यावर ते चढता चढत नाहीत.

लेझरची वेळ आली तर काय, याची चौकशी मी आतापासून केली आहे. माझ्या पगारपत्रकात ०.७५ टक्के रक्कम ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी, म्हणून कापली जाते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू आहे. तिच्यात उपचार तर आहेतच, पण वर्गणीच्या अटी पूर्ण असतील आणि योजनेच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र असेल, तर आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मिळू शकते. योजनेच्या पॅनेलवरचे एक डॉक्टर आमच्या गल्लीच्या टोकालाच आहेत. त्यांच्या पाटीवरची वेळ अर्थातच सकाळी साडेनऊ ते बारा आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशी आहे, पण ते बुधवारी असतात. एका बुधवारी जाऊन मी त्यांना फाइल दाखवून ठेवली, म्हणजे पुढे संदर्भाची चिठ्ठी आणि प्रमाणपत्र मागताना आपण अनोळखी राहणार नाही.

तज्ज्ञांकडून निघताना मी आणखी एक कागद मागून घेतला: ‘सलग दीर्घकाळ उभे राहणे टाळावे.’ तो दुकानात दिल्यावर चेंजिंग रूमच्या बाजूला, ग्राहकांना दिसणार नाही अशा जागी, एक स्टूल आले. तासाला पाच मिनिटे बसायची परवानगी माझ्या नावाने आहे, पण त्यावर आता कोण कोण बसून जाते हे सर बघूनही बघत नाहीत.

पुढची तपासणी फेब्रुवारीत, मंगळवारीच आहे. जुन्या रुग्णांचा नंबर फाइलवरच्या तारखेने लागतो, त्यामुळे सासूबाईंची साडेनऊच्या फोनातून सुटका झाली आहे. अडचण निराळीच उभी राहिली आहे: त्या मंगळवारी ताईंना मुलीच्या शाळेत पालकसभेला जायचे आहे, तेव्हा त्यांची सुट्टी मला घेता येणार नाही. लहान मुलांच्या कपड्यांच्या मजल्यावरच्या एकीला मंगळवार असतो असे कळले आहे. तिच्याशी या आठवड्यात बोलायचे आहे, आणि ती नाही म्हणाली तर नव्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली रजा आहेच.