टाचणाच्या शेवटच्या रकान्यातले वचन

ख्रिस्ती संस्थांच्या शाळांमध्ये पाठाचे टाचण काढताना आपण शिक्षक उद्दिष्टे, अध्ययन निष्पत्ती, शैक्षणिक साहित्य असे सारे रकाने भरतो आणि शेवटी मूल्यांच्या रकान्यात पवित्र शास्त्रातील एखादे वचन लिहून मोकळे होतो. वचन चांगलेच असते. पण ते खोडले तरी पाठ जसाच्या तसा राहत असेल, तर त्या पाठाला बायबलची दृष्टी लाभली असे मला म्हणवत नाही. येशूच्या चमत्कारातल्या पाच भाकरी आणि दोन मासे यांची बेरीज करायला दिल्याने गणिताला ती दृष्टी येत नाही.

शेकडेवारीचा घटक घ्या. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात वजने-मापे खरी ठेवण्याची आज्ञा आहे. ती मनात ठेवून टाचण काढले की उदाहरणच बदलते. एक दुकानदार खरेदीच्याच भावाने डाळ विकतो, पण किलो म्हणून 900 ग्रॅमच देतो, तर त्याला शेकडा किती नफा होतो आणि गिऱ्हाईकाचे शेकडा किती पैसे बुडतात? दुकानदाराचा नफा शेकडा 11 पूर्णांक 1/9 निघतो, गिऱ्हाईकाचे मात्र दिलेल्या पैशांपैकी शेकडा 10 जातात. लबाडी एकच असताना आकडे दोन का, हे मुले हटकून विचारतात, आणि आधार कोणता धरायचा हा शेकडेवारीतला सर्वांत अवघड भाग तिथेच उलगडतो. त्याबरोबर हिशेबात आजवर न दिसलेला गिऱ्हाईकही फळ्यावर येतो. त्याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडून द्यावे असे सांगितले आहे. भूगोलात शेतीचा पाठ शिकवताना भूमिहीन मजुराचा प्रश्न वगळू नये, हे मी तिथूनच शिकलो. विज्ञानात मात्र प्रत्येक पानावर बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथेचा पुरावा शोधण्याचा मोह टाळावा. नीट निरीक्षण करणे आणि दिसले तेच प्रामाणिकपणे नोंदवणे एवढी शिस्त लागली तरी पुष्कळ झाले.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना अक्षरांबरोबर शेती, विणकाम आणि छपाईही शिकवली, आणि रमाबाईंनी भाषांतरित केलेले बायबल तिथल्याच स्त्रियांनी छपाईचे खिळे जुळवून छापले. ते 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. प्रत्येक मुलगी देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाली आहे या श्रद्धेने तिथे काय शिकवायचे हेच ठरवले होते, आणि नियोजनाचा असा नमुना मला दुसरा दिसत नाही.

आपल्या बहुतेक वर्गांत इतर धर्मांची मुले मोठ्या संख्येने असतात. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे संविधानाचे कलम 28(3) सांगते. मला ही अडचण वाटत नाही. येशूने माणसांना हाक दिली, पण ती ऐकून एक श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याला अडवले नाही. म्हणून डाळीच्या उदाहरणाचे गुण आकडेमोडीलाच द्यावेत, आणि दुकानदाराने काय करायला हवे होते यावरची चर्चा गुणांच्या बाहेर, पण तासिकेच्या आतच ठेवावी. टाचणात तिच्यासाठी दहा मिनिटे आधीच राखून ठेवावी लागतात, नाहीतर घंटा होते आणि हाच भाग नेमका राहून जातो.